मूळ चित्र कुणाच्या घरी?

“ओरिजिनल आणलं का?” हा प्रश्न ज्याला कधी विचारला गेला नाही, असा माणूस आपल्या वस्तीत शोधूनही सापडणार नाही. जातीचा दाखला असो, शाळा सोडल्याचा दाखला असो, घरकुलाचा अर्ज असो की मुलीची शिष्यवृत्ती असो. खिडकीपलीकडचा बाबू झेरॉक्स बाजूला सारतो आणि मूळ प्रत मागतो. मी स्वतः एका पतसंस्थेत लिपिक आहे. वीस वर्षे मीही हाच प्रश्न लोकांना विचारत आले आहे. म्हणून मूळ कागदाची किंमत मला कुणी समजावून सांगायला नको. आपल्या घराघरांत कपाटाच्या वरच्या कप्प्यात प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेली एक फाईल असते. घरात पाणी शिरले तर बाई आधी लेकरू उचलते आणि मग ती फाईल.

पण वाचकहो, हाच प्रश्न आपण कधी एखाद्या चित्राला विचारला आहे काय? भिंतीवरच्या कॅलेंडरचे चित्र, दीक्षाभूमीवरच्या पुस्तकांच्या दुकानातून आणलेली चित्रमय पुस्तिका, मुलांच्या हातातले कॉमिक्स, हे सारे छापील असते. त्याच्या हजारो प्रती निघालेल्या असतात. मग त्याची मूळ प्रत कुठे असते? कुणाच्या तरी हाताने, कुठल्या तरी टेबलावर, एका जाड कागदावर ते चित्र पहिल्यांदा काढले गेले असणार. तो कागद आज कुणाच्या घरी आहे?

हा प्रश्न सुचण्याचे कारण असे की, जगात काही चित्रदालने केवळ अशा मूळ कागदांसाठी उघडली गेली आहेत. तिथे राजेमहाराजांची तैलचित्रे नसतात. आपण लहानपणी भाड्याने आणून वाचली तसल्या कॉमिक्सची हाताने काढलेली पाने तिथे काचेत लावलेली असतात. बेल्जियम देशाच्या ब्रुसेल्स शहरात चित्रकथेचे असे एक मोठे केंद्र १९८९ साली सुरू झाले. ज्या इमारतीत ते आहे ती व्हिक्टर होर्टा या नामवंत वास्तुशिल्पकाराने १९०६ साली कापडाच्या घाऊक व्यापारासाठी बांधली होती. कापडाचे जुने दुकान वाया न घालवता तिथे लोकांच्या आवडीच्या चित्रांना घर दिले गेले. अमेरिकेत सॅन फ्रान्सिस्को येथे १९८४ साली आणि लंडनमध्ये २००६ साली याच प्रकारची संग्रहालये निघाली. जपानच्या क्योटो शहरात तर २००६ साली एका बंद पडलेल्या प्राथमिक शाळेच्या इमारतीत चित्रकथांचे संग्रहालय उघडले. यांपैकी काहीही मी पाहिलेले नाही आणि पुढे पाहीन असेही वाटत नाही. पण त्यांच्याविषयी वाचल्यावर मला आमच्या सावनेरची एक टपरी आठवली.

माझ्या लहानपणी, म्हणजे १९८८-९० च्या सुमारास, बसस्टँडजवळच्या त्या टपरीवर दोरीला चिमट्यांनी कॉमिक्स टांगलेली असत. बाकावर बसून वाचायचे तर चार आणे आणि घरी न्यायचे तर आठ आणे भाडे. मुली तिथे बसून वाचत नसत. माझा मोठा भाऊ आठ आणे देऊन एक पुस्तक आणायचा आणि त्या आठ आण्यांत आमच्या ओळीतली सात-आठ लेकरे ते वाचून काढायची. वडील जिनिंगमध्ये कामाला होते. आठ आणे काही फुकटचे नव्हते. म्हणून पुस्तक परत करण्याआधी मी त्यातले एखादे चित्र वहीच्या मागच्या पानावर उतरवून घेत असे.

त्या दोरीवर काय काय नव्हते! इंद्रजाल कॉमिक्सचा वेताळ होता. हे कॉमिक्स १९६४ साली निघाले आणि १९९० साली बंद पडले. प्राण यांचे चाचा चौधरी होते. १९८६ पासून नागराज आला. अमर चित्रकथा तर होत्याच; अनंत पै यांनी १९६७ साली मुंबईत सुरू केलेली ही माला त्या काळी प्रत्येक शाळेत पोचली होती. आम्हाला सगळ्या नायकांची नावे पाठ होती. पण चित्र काढणाऱ्याचे नाव? ते कुणी वाचतच नसे. आज चौकशी केल्यावर कळते की, त्यांतले कितीतरी हात आपल्या महाराष्ट्रातलेच होते. पुण्याचे प्रताप मुळीक यांनी अमर चित्रकथेसाठीही चित्रे काढली आणि नागराजसाठीही. ‘टिंकल’ मासिकातला भोळा सुप्पंडी राम वाईरकर यांच्या कुंचल्यातून उतरला. ‘चांदोबा’त खांद्यावर वेताळ घेऊन निघालेला राजा विक्रम तर आपल्या आजीलाही ओळखता येईल. ते चित्र काढणारे के. सी. शिवशंकरन २०२० साली वारले, तेव्हा त्यांचे नाव आपल्यापैकी किती जणांना ठाऊक होते?

आणि आता ज्या नावासाठी मी हा लेख लिहायला घेतला ते नाव सांगते. अमर चित्रकथेने १९७९ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या जीवनावर एक पुस्तिका काढली. तिचे कथालेखन एस. एस. रेगे यांचे आणि चित्रे दिलीप कदम यांची. आपल्या पिढीच्या अनेक मुलामुलींनी बाबासाहेबांचे बालपण पहिल्यांदा चित्रांतून पाहिले ते या पुस्तिकेत. तहानलेला छोटा भीम, वर्गाबाहेर बसलेला भीम, पुस्तकात डोके घातलेला भीम हे सारे एका माणसाने टेबलाशी बसून, पेन्सिल झिजवून काढले आहे. पुस्तिकेच्या नव्या आवृत्त्या निघत राहिल्या. पण त्या मूळ कागदांसमोर आपल्या लेकराला उभे करून ‘बघ, ही त्या माणसाची खरी रेघ’ असे म्हणण्याची सोय आपल्या विदर्भात कुठेही झाली नाही.

कुणी म्हणेल, छापील पुस्तक हातात असताना मूळ कागदाचे एवढे कौतुक कशाला? तर त्यासाठी चित्रकथेचे पान कसे तयार होते ते थोडे समजून घेतले पाहिजे. लेखक आधी गोष्ट लिहून देतो आणि कुठल्या चौकटीत काय यावे ते सांगतो. चित्रकार पेन्सिलीने कच्चा आराखडा करतो. मग छापील पानापेक्षा मोठ्या, पुष्कळदा दीडपट आकाराच्या जाड कागदावर पक्के रेखाटन होते. त्यावर टाकाने किंवा बारीक कुंचल्याने काळी शाई चढते. अक्षरे लिहिणारा बरेचदा वेगळा कारागीर असतो. चुकले तिथे पांढरा रंग लावून रेघ पुन्हा मारतात. हे सारे झाल्यावर पान छपाईसाठी जाते, आकाराने लहान होते, आणि लहान होताना सगळे डाग, सगळी खाडाखोड लपून जाते. वाचकाच्या हाती स्वच्छ चित्र पडते.

मूळ पानावर मात्र सारे जसेच्या तसे राहते. पुसलेली पेन्सिल दिसते. पांढऱ्या रंगाचा जाड थर बोटाला लागेल असा दिसतो. समासात संपादकाने लिहिलेली सूचना दिसते. म्हणजे थोडक्यात, छापील पानावर नायकाचा पराक्रम दिसतो आणि मूळ पानावर चित्रकाराचे काबाडकष्ट दिसतात. कष्ट करून पोट भरणाऱ्या माणसाला हा फरक लगेच कळतो. गवंड्याला दुसऱ्याची भिंत पाहताना गिलाव्याआडची वीट कळते, तसेच हे आहे.

या कष्टाची किंमत बाजाराला फार उशिरा कळली. ‘टिनटिन’चे जनक हर्जे यांनी १९३६ साली एका पुस्तकाच्या मुखपृष्ठासाठी रंगवलेले चित्र महागात छापावे लागेल म्हणून वापरलेच गेले नाही. ते घड्या घालून ठेवले गेले. त्याच घड्यांसकट ते जानेवारी २०२१ मध्ये पॅरिसच्या लिलावात सुमारे ३२ लाख युरोला विकले गेले. पुढच्याच वर्षी, जानेवारी २०२२ मध्ये, १९८४ सालच्या एका स्पायडरमॅन कॉमिक्सचे एकच मूळ पान अमेरिकेत ३३ लाख डॉलरहून अधिक किमतीला गेले. त्या वेळच्या दराने हे सुमारे पंचवीस कोटी रुपये झाले. आकडा वाचून मीही चष्मा काढून पुसला.

पण पैशाच्या आकड्याला भुलून चालणार नाही. खरा प्रश्न असा की, ते पान कुणाचे? पैसे देऊन काम करवून घेणाऱ्याचे की काम करणाऱ्याचे? अमेरिकेत यावरून मोठे भांडण झाले आणि ते आपल्या प्रत्येक कामगाराने ऐकावे असे आहे.

जॅक कर्बी नावाचा एक चित्रकार होता. जन्म १९१७ चा, न्यूयॉर्कच्या गरीब वस्तीतला. बाहेरदेशातून आलेले ज्यू कुटुंब, बाप कपड्याच्या कारखान्यात कामगार. या मुलाने पुढे जो सायमन यांच्यासोबत १९४१ साली कॅप्टन अमेरिका उभा केला. नंतर १९६० च्या दशकात मार्व्हल कंपनीसाठी हल्क आणि अशा अनेक नायकांना रूप दिले, ज्यांचे सिनेमे आज आपली मुले मोबाईलवर पाहतात. त्या काळी चित्रकाराला पानामागे ठरलेला मोबदला मिळे आणि मूळ पान कंपनीकडे राही. अमेरिकेतल्या कंपन्यांच्या गोदामांत अशी हजारो पाने पडून होती. काही फाडून टाकली गेली, काही कुणाकुणाला वाटली गेली, काही चोरीला गेली. १९७० च्या दशकाच्या मध्यापासून कंपन्या चित्रकारांना पाने परत करू लागल्या. पण जुन्या पानांची वेळ आली तेव्हा इतर चित्रकारांना एक पानी कागदावर सही मागितली गेली आणि कर्बींपुढे चार पानी करार ठेवला गेला, ज्यात त्यांनी आपले बरेच हक्क सोडून द्यायचे होते. त्यांनी सही केली नाही. इतर चित्रकार त्यांच्या बाजूने उभे राहिले, वाचकांनी आवाज उठवला. अखेर १९८७ साली त्यांना त्यांची पाने मिळाली. पण किती? आयुष्यभरात त्या कंपनीसाठी काढलेल्या दहा हजारांहून अधिक पानांपैकी दोन हजारांच्या आसपास. १९९४ साली ते वारले.

ही गोष्ट वाचताना मला त्यांच्या पराक्रमी नायकांपेक्षा त्या सत्तर वर्षांच्या म्हाताऱ्याचा हट्ट मोठा वाटला. ‘माझ्या हातचा कागद मला द्या’ एवढेच त्याचे म्हणणे होते.

आता आपल्याकडे वळू. महाराष्ट्रात चित्रकथेच्या मूळ पानांना वाहिलेल्या दालनाच्या सर्वांत जवळची गोष्ट म्हणजे पुण्याजवळ बालेवाडी येथे आर. के. लक्ष्मण यांच्या नावाने झालेले कलादालन व संग्रहालय. मार्च २०२२ मध्ये त्याचे उद्घाटन झाले. बंधू आर. के. नारायण यांच्या कथांतले मालगुडी गाव तिथे छोट्या प्रतिकृतीतून उभे केले आहे. लक्ष्मण यांचा चौकटीच्या कोटातला ‘कॉमन मॅन’ १९५१ पासून वर्तमानपत्रात रोज भेटत असे. ज्या लक्ष्मण यांना मुंबईच्या जे. जे. कलाशाळेने तरुणपणी प्रवेश नाकारला होता, त्यांच्या चित्रांसाठी आज स्वतंत्र इमारत आहे, हे चांगलेच झाले. बंगळूरलाही व्यंगचित्रांचे एक दालन २००७ पासून आहे. पण व्यंगचित्र वेगळे आणि पानोपान गोष्ट सांगणारी चित्रकथा वेगळी. चित्रकथा रेखाटणाऱ्या कदम, मुळीक, वाईरकर यांच्यासारख्यांच्या मूळ पानांसाठी तसे घर व्हायचे राहिले आहे.

दुसरे उदाहरण तर आमच्या सावनेरच्या अधिक जवळचे आहे. सावनेरहून छिंदवाड्याचा रस्ता धरला की पुढे सिवनी, मंडला हा गोंडांचा मुलूख लागतो. आपले नागपूरही गोंड राजा बख्त बुलंद शहाने वसवले, हे विसरून चालणार नाही. याच मंडला भागात दुर्गाबाई व्याम यांचा जन्म झाला. परधान गोंड समाजाच्या या बाईंना शाळा मिळाली नाही. घराच्या भिंती आणि जमीन सारवून त्यावर काढायच्या ‘डिगना’ नावाच्या नक्षीचे शिक्षण त्यांना आईकडून मिळाले. पती सुभाष व्याम हेही कलावंत. या दोघांनी भोपाळला राहून कागदावर आणि कापडावर चित्रे काढायला सुरुवात केली. २०११ साली दिल्लीच्या नवयान प्रकाशनाने बाबासाहेबांच्या जीवनावर ‘भीमायन’ हे चित्रमय पुस्तक काढले. त्याचे लेखन श्रीविद्या नटराजन आणि एस. आनंद यांचे असले तरी चित्रे या नवरा-बायकोची आहेत. आणि मुखपृष्ठावर चित्रकारांची नावे लेखकांच्या आधी आहेत!

या पुस्तकाचा आधार बाबासाहेबांच्या आठवणींचा आहे. गोरेगावला निघालेली भावंडे आणि बैलगाडीचा प्रवास, बडोद्याला राहायला जागा न मिळणे, १९३४ सालचा दौलताबादचा प्रसंग या गोष्टी आपल्याला ठाऊकच आहेत. पण व्याम दांपत्याने त्या चौकोनी डब्यांत कोंबल्या नाहीत. माणसांना डब्यांत बंद केले की त्यांचा श्वास कोंडतो, असे त्यांचे म्हणणे. म्हणून पाने डिगनाच्या वेलांटीने विभागली. प्रेमाने बोलणाऱ्याचे शब्द पक्ष्याच्या आकारात येतात आणि जातीचे विष ओकणाऱ्याच्या शब्दांना विंचवाची नांगी असते. आगगाडी सापासारखी वळते. चवदार तळ्याच्या भाषणात भोंग्यांतून पाण्याच्या धारा लोकांवर बरसतात. ज्यांच्या पूर्वजांचे काम गोंड यजमानांच्या दारी बाना वाजवून वंशाची गाणी म्हणणे हे होते, त्या परधानांनी आपल्या बाबासाहेबांची गाथा अशी चित्रांतून गायिली. दुर्गाबाईंना २०२२ साली पद्मश्री मिळाली. या चित्रांतली रेघ मुळात सारवलेल्या भिंतीवरची आहे. ती भिंत दरवर्षी नव्याने सारवली जाते आणि जुने चित्र पुसले जाते. कागदावर उतरले तेवढेच टिकते. म्हणून तर तो कागद जपायचा.

मूळ वस्तूची ओढ आपल्या लोकांना नाही असे कुणी म्हणू नये. नागपूरजवळ चिचोलीला वामनराव गोडबोले यांनी उभारलेल्या शांतिवनात बाबासाहेबांच्या वापरातल्या वस्तू आहेत. मी आमच्या महिला मंडळाला तिथे तीनदा नेले. बाबासाहेबांचा फोटो तर प्रत्येकीच्या घरी आहे. पण त्यांच्या अंगावरचा कोट समोर दिसला की बाया आपोआप पदर सावरून उभ्या राहतात. टंकलेखन यंत्राकडे पाहताना एक आजी मला म्हणाल्या, “यावर बोटं टेकली असतील नाही वं त्याईची?” आजींना लिहिता-वाचता येत नाही, तरी मूळ वस्तू म्हणजे काय, ते त्यांनी एका वाक्यात सांगितले. ही ओढ चित्रांच्या बाबतीतही लागावी, एवढेच माझे म्हणणे आहे.

त्याला कारणही घडले. आमच्या वस्तीत नववीत शिकणारी एक मुलगी आहे. आई संत्र्याच्या बगिच्यात तोडाईला जाते. मुलीने दोन मोठ्या ड्रॉइंग शीटवर सोळा चौकटींची चित्रकथा काढली. विषय आईचा एक दिवस: पहाटेची चूल, ट्रॅक्टरमधली दाटी, झाडावरची शिडी, पेट्या भरणे, मुकादमाशी मजुरीवरून बोलणे आणि रात्री पायाला तेल. शहरातल्या एका संस्थेच्या स्पर्धेत तिला उत्तेजनार्थ बक्षीस मिळाले. प्रमाणपत्र आणि रंगपेटी. नव्या वर्षी त्या संस्थेचे कॅलेंडर निघाले. फेब्रुवारीच्या पानावर शिडीची ती चौकट छापलेली होती. खाली मुलीचे नाव नव्हते. मूळ कागद मागितले तर उत्तर मिळाले की, बक्षीसपात्र चित्रे परत देत नाहीत.

मुलीची आई माझ्याकडे आली. म्हणाली, “ताई, बक्षीस देल्लं म्हनून चित्र त्याईचं झालं का?”

मी स्पर्धेचा प्रवेश अर्ज मागवून घेतला आणि शांतपणे वाचला. चित्र परत मिळणार नाही, ते संस्थेच्या मालकीचे होईल, असे त्यात कुठेही लिहिलेले नव्हते. मग तसा अर्ज लिहिला. एक प्रत त्यांना, एक प्रत पोच घेऊन आमच्याकडे. दोनदा हेलपाटा पडला. तिसऱ्यांदा मुलीची आई मजुरी बुडवून माझ्यासोबत आली. त्या दिवशी कागद मिळाले. मध्ये घडी पडलेली होती आणि एका कोपऱ्यात गोल शिक्का उमटला होता. मुलीने घडीवरून हात फिरवला आणि विचारले, “मावशी, इस्त्री केली तर जाईल का हो?” मी म्हटले, “इस्त्री नको करू. राहू दे.”

त्यानंतर आमच्या विहाराच्या वाचनालयात आम्ही एक रविवार ठरवला. ज्याच्या घरी हाताने काढलेले चित्र असेल त्याने आणावे, असा निरोप फिरवला. पाच-सहा चित्रे येतील असे वाटले होते. बावीस आली. वस्तीतले एक पेंटरकाका दुकानांच्या पाट्या रंगवत आणि जयंतीच्या रथावरची चित्रेही तेच काढत. ते आता नाहीत. त्यांच्या पत्नीने गादीखाली जपून ठेवलेले दहा कागद आणले. त्यावर २० मार्च १९२७ चा महाडचा सत्याग्रह क्रमाने काढलेला होता. गावातल्या बहुतेकांनी ती चित्रे रथावर मोठी करून रंगवलेली पाहिली होती. हे कागद मात्र कुणी पाहिले नव्हते. चवदार तळ्याच्या चित्रात जवळून पाहिले तर पेन्सिलीने काढलेली लोकांची रांग आधी लहान होती. काकांनी ती पुसून कागदाच्या कडेपर्यंत नेली होती. शेवटच्या माणसाचे अर्धे अंग कागदाबाहेरच राहिले होते. त्या एका पुसलेल्या रेघेतून काकांच्या मनात काय चालले होते ते आम्हाला कळले. रथावरच्या रंगीत चित्रात ते कधी दिसले नव्हते.

मुलीचे दोन कागद आम्ही घडीसकट, शिक्क्यासकट लावले आणि खाली तिचे नाव लिहिले. पूर्वी संत्र्याच्या मंडीत हमाली करणारे एक आजोबा त्या चित्रांपुढे बराच वेळ उभे होते. मग म्हणाले, “पेटी बांधाची गाठ बराबर काढली पोरीनं.” परीक्षकांच्या प्रमाणपत्रापेक्षा त्या पोरीला हे वाक्य जास्त आवडले, असे तिची आई सांगत होती.

आता थोडे माझ्या कामाच्या भाषेत सांगते. आपल्या देशात १९५७ चा कॉपीराइट कायदा आहे. मूळ कागदाची मालकी आणि त्यावरील चित्र छापण्याचा हक्क या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. कागद विकला म्हणजे छापण्याचा हक्क आपोआप विकला असे होत नाही. या कायद्याच्या कलम ५७ प्रमाणे, हक्क दुसऱ्याला दिले तरी ‘हे काम माझे आहे’ असे सांगण्याचा अधिकार निर्मात्याकडेच राहतो. आणखी एक तरतूद फार थोड्यांना माहीत आहे. कलम ५३-क प्रमाणे, मूळ चित्र किंवा रेखाटन पुढे दहा हजार रुपयांहून अधिक किमतीला पुन्हा विकले गेले, तर चित्रकाराला किंवा त्याच्या वारसांना त्या किमतीत वाटा मागता येतो. मात्र हक्काचा पहिला मालक तो चित्रकारच असला पाहिजे. हा वाटा जास्तीत जास्त दहा टक्के असतो. दहा हजार आणि दहा टक्के, एवढे तरी लक्षात ठेवावे.

म्हणून माझी आईवडिलांना विनंती आहे. मुलाने किंवा मुलीने चित्र काढले तर मागच्या बाजूला पेन्सिलीने नाव, गाव आणि तारीख लिहा. स्पर्धेला पाठवताना चित्र परत मिळणार का, छापले तर नाव देणार का, हे आधी विचारा आणि लेखी घ्या. पाठवण्याआधी मोबाईलवर स्वच्छ फोटो काढा. कागद गुंडाळून ठेवू नका. दोन पुठ्ठ्यांमध्ये सपाट ठेवा. उन्हाच्या भिंतीवर कायमचे लावू नका, कारण उजेडाने शाई उडते. मोठ्या संग्रहालयांतही मूळ पाने अधूनमधून बदलून अंधारात विसावा देतात. लॅमिनेशन तर मुळीच करू नका. दाखल्यांची ती प्लास्टिकची फाईल आहे ना, तिच्या शेजारी चित्रांची एक फाईल मावते.

आणि विहारांच्या समित्यांनाही सांगणे आहे. ब्रुसेल्सएवढी इमारत आपल्याला झेपणार नाही. पण एक भिंत, एक दोरी आणि चार डझन कपड्यांचे चिमटे एवढे भांडवल कुठल्याही वस्तीत जमते. जयंतीचे बॅनर संगणकावर तयार होऊ लागल्यापासून हाताने चित्र काढणाऱ्या पेंटरांचे काम गेले. त्यांची जुनी रेखाटने अजून कुणाच्या माळ्यावर, कुणाच्या गादीखाली पडून असतील. पुढच्या दिवाळीच्या साफसफाईत ती रद्दीत जाण्याआधी एकदा घरोघरी विचारून या. आमच्या विहारात दर तीन महिन्यांनी चित्रे बदलायची ठरले आहे. पेंटरकाकांचे दहा कागद सध्या पुठ्ठ्यांत ठेवले असून त्यांची पोच त्यांच्या पत्नीच्या हाती दिली आहे. पोचेवर ‘मूळ चित्रे, नग दहा, मालकी आपली’ असे मी माझ्या अक्षरात लिहिले आणि खाली सही केली.